संगणकापुढच्या मैत्रिणी



गेल्या तिमाहीत आपल्या बैठकीच्या खोलीत एक वेगळीच चर्चा झाली. तिच्याविषयी आज मोकळेपणानं लिहायचं आहे. कारण त्या चर्चेत मला काही गोष्टी नव्यानं कळल्या आणि एका बाबतीत ओशाळल्यासारखंही झालं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्याकडे घरकामगार बायकांची बैठक असते, हे तुम्हांला माहीत आहेच. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या काहीजणींनी 'आम्हांलाही एकदा बोलायचं आहे, येऊ का?' असं विचारलं. मी त्यांना त्याच रविवारी दुपारी बोलावलं. हे कळल्यावर आपली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "यांना काय कमी आहे गं? थंडगार ऑफिस, दारात गाडी. यांच्या एका महिन्याच्या पगारात आपला अंक निघेल!" सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगायचं तर मनातून मला ते पटलेलंच होतं.

त्या आल्या. पंचविशीतल्या होत्या तशा चाळिशी ओलांडलेल्याही होत्या. कोणी लातूरची, कोणी साताऱ्याची, कोणी इथलीच. दोघींच्या घरात त्यांच्याआधी कोणी बाई नोकरीला बाहेर पडली नव्हती. सुरुवातीला सगळ्या अवघडून बसल्या. मग आपण गटचर्चेत नेहमी करतो तेच केलं. प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली आणि नाव न घालता एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं : 'तुम्हांला तुमच्या कंपनीकडून काय हवं आहे?'

माझी अपेक्षा होती, पगारवाढ येईल. फार तर परदेशी जायची संधी. पगाराचा उल्लेख काही चिठ्ठ्यांवर होताही, आणि तो का होता ते पुढे सांगतेच. पण बहुतेक चिठ्ठ्यांवर या ना त्या शब्दांत एकच मागणी होती. एकीनं तर फक्त दोनच शब्द लिहिले होते : 'सलग वेळ.'

याचा अर्थ मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रोग्रॅम लिहिताना एका वेळी दहा-बारा गोष्टी डोक्यात एकमेकींना धरून उभ्या ठेवाव्या लागतात. ही माहिती कुठून येते, मध्ये कुठे बदलते, इथे हात लावला तर पलीकडे काय मोडेल. हे सगळं मांडून होईपर्यंत अर्धा तास जातो. तेवढ्यात कोणी 'पाच मिनिटं येतेस का?' म्हणून बोलावलं की मांडलेलं सगळं कोसळतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्यातल्या विणकाम करणाऱ्यांना हे लगेच पटेल. टाके मोजताना कोणी हाक मारली की काय होतं!

हा त्रास पुरुष सहकाऱ्यांनाही होतो आणि तेही हीच मागणी करतात. पण एकजण म्हणाली, "त्यानं कानाला हेडफोन लावले तर तो कामात आहे. मी लावले तर मी शिष्ट." मीटिंगचा वृत्तांत कोणी लिहायचा, निरोप समारंभाची वर्गणी कोणी गोळा करायची, नव्या मुलाला काम कोणी समजावून द्यायचं, अशी सगळी किरकोळ कामं न सांगता बाईकडे येतात. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मात्र त्यांना शून्य किंमत. हे ऐकताना मला हसू आलं, कारण हे तर आपण गेली कित्येक वर्षं घरकामाबद्दल बोलत आलो आहोत! जागा बदलली, यंत्र बदललं, पण सगळ्यांची सोय बघण्याचं काम बाईचं, हा रिवाज काही बदलला नाही.

आणि ऑफिसात न मिळालेला सलग वेळ घरी तरी मिळतो का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. मार्च २०२० नंतर टाळेबंदीत ऑफिसच घरी आलं, तेव्हा हे आकडे या मैत्रिणींनी स्वतःच्या अंगावर अनुभवले. एकीच्या घरी नवऱ्याचं टेबल झोपायच्या खोलीत दार लावून होतं आणि तिचं जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. कुकरची शिट्टी पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून ती प्रत्येक वाक्यानंतर आपला आवाज बंद करायची.

तिचं हे बोलणं ऐकताना मला स्टेफनी शर्ली या बाईची गोष्ट आठवली. जर्मनीत जन्मलेली ही ज्यू वडिलांची मुलगी १९३९ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, आई-वडिलांना सोडून निर्वासित म्हणून इंग्लंडला आली. मोठेपणी ती संगणकाच्या क्षेत्रात शिरली. बाई म्हणून बढतीची वाट अडते हे पाहून १९६२ मध्ये तिनं अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रॅमर बायकांना तिनं घरबसल्या काम दिलं. स्वतःच्या नावानं पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा ती 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करू लागली. फोनवर बोलताना बाळाचा आवाज झाकला जावा म्हणून ती मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत असे! काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्रॅम तिच्या कंपनीतल्या बायकांनी लिहिला. पुढे कंपनीचे मोठे भागभांडवल तिनं कर्मचाऱ्यांच्याच हाती दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ती वारली.

म्हणजे प्रोग्रॅमर बाईला काय हवं असतं, याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं. कामाची वेळ तिला ठरवू द्या, काम तपासा पण तिच्या खुर्चीवर पहारा ठेवू नका, आणि नफ्यात वाटा द्या. असं करूनही कंपनी चालते, हेही सिद्ध झालेलं होतं. तरी १९६० च्या दशकात टाइपरायटरची टेप लावावी लागली आणि २०२० मध्ये आवाज बंद करायचं बटण दाबावं लागलं. घरात मूल आहे, ही गोष्ट दोन्ही वेळा लपवावीच लागली.

आता कामाच्या तासांबद्दल. अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. त्यामुळे दिवसभराचं काम संपवून या बायका रात्री पुन्हा फोनवर बसतात. काम कधी पूर्ण होईल याची तारीख विक्री करणारा माणूस ग्राहकाला देऊन मोकळा होतो. ज्यांना ते काम करायचं आहे त्यांना कोणी विचारत नाही. मग ती तारीख गाठायला शनिवार-रविवार जातात. 'तारीख ठरवताना आम्हांला विचारा' ही मागणी अनेक चिठ्ठ्यांवर होती. यात अवाजवी काय आहे?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दरानं मोबदला सांगितला. आमच्या खोलीतल्या एकीलाही असा दुप्पट मोबदला कधी मिळालेला नव्हता. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सनं २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तसं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही.

आणि उद्योगपती काय म्हणतात? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं भाषण बाहेर आलं. त्यात ९० तासांची भाषा होती आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा सवाल होता. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पण त्या सवालातला कर्मचारी पुरुषच आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं? त्याच्या घरी बायको आहे, ती स्वयंपाक करते, मुलं बघते, म्हणून तर त्याचे ९० तास मोकळे होऊ शकतात. कर्मचारी हीच जर कोणाची तरी बायको असेल, तर तिनं ९० तास कुठून आणायचे? त्या हिशेबात ती कुठे बसतच नाही.

पगाराचा मुद्दाही इथेच येतो. चिठ्ठ्यांवर 'पगार वाढवा' असं कमी आणि 'कोणाला किती पगार ते उघड करा' असं जास्त होतं. एकीला शेजारच्या टेबलावरच्या, तिनंच शिकवलेल्या मुलाचा पगार योगायोगानं कळला. तो तिच्यापेक्षा जास्त होता. समान कामाला समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे. पण पगार गुप्त ठेवायची अट घातली की असमानता सिद्ध करणार कशी? दुसरी बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तर त्या वर्षीच्या मूल्यमापनात तिला खालची श्रेणी मिळाली. कारण काय, तर 'तू सहा महिने नव्हतीस.' प्रसूतीची भरपगारी रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. तिच्यासाठी चळवळीनं किती वर्षं घालवली! पण रजेचा सगळा खर्च मालकावर आणि बापाला खाजगी नोकरीत कायद्यानं एका दिवसाचीही रजा नाही. मग मूल ही बाईची खाजगी अडचण ठरते आणि तिला नोकरी देतानाच मालक बिचकतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असंही कायदा सांगतो. आमच्यातल्या एकीच्या कंपनीनं पाळणाघर दिलं आहे. ते तिच्या ऑफिसपासून इतकं लांब आहे की एकदा जाऊन यायला पाऊण तास लागतो.

सुरक्षिततेचा विषय पुण्यात कोणालाच विसरता येणार नाही. २००७ आणि २००९ मध्ये कामावर जाताना, कामावरून परतताना वाहनात बसलेल्या दोन तरुणींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले. त्यानंतर गाड्यांचे नियम कडक झाले. २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकाची. हे चांगलंच झालं. पण एकजण म्हणाली, "आता मोठी रात्रपाळीची कामं आम्हांला देतच नाहीत. वर म्हणतात, तुमच्या सुरक्षिततेसाठीच." म्हणजे कायद्यानं मागितलेली संमती कोणी विचारलीच नाही. गाडीचा खर्च वाचला आणि बाईची बढतीही वाचली!

इथे आपल्याकडेही बोट दाखवायला हवं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी आणि तिच्यावर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेची बाहेरची सदस्य हवी, असा २०१३ चा कायदा आहे. आपल्यापैकी अनेकजणी अशा सदस्य आहेत. मीही आहे. त्या दुपारी एकीनं सहज विचारलं, "ताई, आमच्या समितीवर बाहेरच्या बाई आहेत म्हणे. त्या आम्हांला कधी भेटतात?" मला उत्तर देता आलं नाही. मी ज्या समितीवर आहे तिथे वर्षातून एकदा जाते, चहा घेते, अहवालावर सही करते आणि मानधन घेऊन परत येते. तिथल्या बायकांशी, मालकाचा माणूस समोर नसताना, मी एकदाही बोललेली नाही. ओशाळल्यासारखं झालं म्हणाले, ते हे.

हा कायदा आला तरी कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भँवरीदेवी या साथिनीनं बालविवाह थांबवायचं आपलं सरकारी काम केलं, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या लढ्यातून स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ चा विशाखा निकाल आला. काचेच्या इमारतीतली समिती एका खेड्यातल्या कुंभार समाजाच्या बाईच्या झुंजीवर उभी आहे. हे त्या मैत्रिणींना माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

मग मी विचारलं, "तुम्ही संघटना का करत नाही?" उत्तर आलं, "आम्ही कामगार थोड्याच आहोत?" नेमणुकीच्या पत्रावर इंजिनिअर, लीड, मॅनेजर असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि त्या शब्दांनी माणूस एकटा पडतो. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाऱ्यांना धरलेलं होतं. त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ते आहेत. वगळले आहेत ते मुख्यतः व्यवस्थापक. दिवसभर प्रोग्रॅम लिहिणारी बाई कोणाची व्यवस्थापक? कर्नाटकात २०१७ पासून या क्षेत्राची नोंदणीकृत युनियन आहे. २०२४ मध्ये तिथे दिवसाला १४ तासांपर्यंत काम घेऊ देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ती रस्त्यावर उतरली आणि प्रस्ताव मागे पडला. आज याची गरज जास्तच आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं सुमारे १२,००० जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं. प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. 'नवं शिकायला तयार आहोत, पण ते कामाच्या वेळात शिकवा,' हेही एका चिठ्ठीवर होतं. घरी गेल्यावर रात्री अकराला शिकायला मोकळा कोण असतो? ज्याच्या घरी दुसरं कोणी भांडी आवरतं, तो.

आणि शेवटी, त्या दुपारी घडलेली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. घरकामगारांची बैठक संपली होती, पण दोघी-तिघी मागे रेंगाळून आमचं बोलणं ऐकत होत्या. त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या, "एक बोलू का? या ताईंची मीटिंग लांबली की पोराला बघायला मी थांबते. माझी शेवटची बस जाते. माझी पोरगी घरी एकटी असते. माझे जादा तास कोण मोजतं?"

कोणी काही बोललं नाही. मग पाळणाघराबद्दल सांगणारी ती मैत्रीण म्हणाली, "मावशी, मी पण नाही मोजले."

मला वाटतं, आपण जे करायला हवं ते याच दोन वाक्यांत आहे. परदेशातल्या ग्राहकानं ओढलेला तास कंपनी प्रोग्रॅमरकडून घेते, प्रोग्रॅमर तो मावशींकडून घेते आणि मावशींच्या मुलीला तो द्यावाच लागतो. या साखळीत पुरुष कुठे उभा आहे, हेही विचारायला हवं. घरातल्या पुरुषानं आपल्या वाटणीचा वेळ दिला असता तर मावशींची बस चुकली नसती. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तास आणि जादा कामाचे पैसे यांचं काय, हा प्रश्न तसाच आहे. सॉफ्टवेअरमधल्या मैत्रिणींनी मालकाकडे तासांचा हिशेब मागावा, नक्कीच मागावा. पण तोच हिशेब त्या स्वतःच्या स्वयंपाकघरातही मांडणार असतील, तरच ती मागणी आपल्या सगळ्यांची होईल.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. दुसऱ्या रविवारची बैठक यापुढे तीन महिन्यांतून एकदा दोन्ही गटांची एकत्र होईल. दोघींच्याही वहीत महिनाभर तास लिहिले जातील : किती ठरले होते, किती भरले, जादाचे पैसे मिळाले का. आणि माझ्यासारख्या ज्या बाहेरच्या सदस्य आहेत त्यांनी पुढच्या भेटीत अहवालावर सही करण्याआधी तिथल्या बायकांना एकट्यानं भेटायची अट घालायची. मी माझ्या कंपनीला तसं पत्र पाठवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. मानधन बंद झालं तर झालं.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशा संगणकापुढच्या मैत्रिणी असतील, नाशिक-नागपूर-कोल्हापुरातही आता त्या आहेत, तर त्यांना बोलवा. चिठ्ठ्या द्या. काय लिहून येतं ते आम्हांला कळवा. पुढच्या अंकात ते छापू. आणि बोलावताना 'यांना काय कमी आहे' हे वाक्य घरी ठेवून या. मीही तेच करते आहे.

आपली,
संपादक